काजव्याचा दिवा

वैशाख सरत येतो, वळवाच्या दोनचार सरी पडून जातात, आणि कोकणातील डोंगरकुशीत रात्रीच्या वेळी एक अपूर्व देखावा दिसू लागतो. एखादा हिरडा, बेहडा किंवा ऐन अंधारात काळाभोर उभा असतो. त्याच्या फांदीफांदीवर हिरवट पिवळ्या ठिणग्या उजळतात, विझतात आणि पुन्हा उजळतात. जवळ जावे तर ऊब नाही, धूर नाही, कसला आवाजही नाही. हे काजवे होत. मृगाचा पाऊस चांगला लागला म्हणजे ते दिसेनासे होतात. म्हणजे ह्या देखाव्याचे आयुष्य तीनचार आठवड्यांहून अधिक नसते.

महाडहून वरंध घाटाची वाट धरली, किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे वळले, म्हणजे सह्याद्रीची उंच भिंत समोर उभी राहते. सावित्री नदी आणि तिला मिळणारे ओढेनाले ह्याच भिंतीच्या पायथ्याने वाहतात. उतारावर झाडी, झाडीखाली पाचोळा, पाचोळ्याखाली ओलसर माती आणि त्या मातीत गोगलगायी व गांडुळे: काजव्याला जे जे हवे, ते सारे येथे आहे. महाड तालुक्यातील तळीये हे गाव ह्याच डोंगरांच्या कुशीतले. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीमुळे ह्या गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्या दिवसापासून तळीयेचे नाव महाराष्ट्रभर झाले, ते ह्या दुःखामुळे. परंतु तेथील मुलांनी आपला डोंगर केवळ भीतीने ओळखावा, हे मला बरे वाटत नाही. डोंगराच्या मातीत दुसरेही पुष्कळ काही वर्षभर चाललेले असते. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि जे थोडेसे दिसते, ते ह्या चार आठवड्यांत काजव्याच्या रूपाने.

काजव्याला पुष्कळ लोक माशी समजतात. इंग्रजी भाषेत तर त्याचे नावच ‘आगीची माशी’ ह्या अर्थाचे आहे. वास्तविक काजवा हा भुंगेरा आहे. माशीला पंख दोनच असतात. भुंगेऱ्याला चार असतात. त्यांपैकी पुढचे दोन जाड असून पाठीवर झाकणासारखे बसतात, आणि उडण्याचे पातळ पंख त्यांच्याखाली घडी करून ठेवलेले असतात. शेणाच्या गोळ्या लोटत नेणारा किडा, आंब्याच्या कोयीत सापडणारा किडा, धान्याला लागणारे सोंडे, हे सारे भुंगेऱ्यांच्याच मोठ्या परिवारातले. काजव्याची झाकणे मात्र त्यांच्यासारखी टणक नसतात. बोटाने हलकेच दाबली तर ती लवतात.

असेच मऊ पंख काजव्याच्या एका नातलगालाही आहेत. त्यास इंग्रजीत सोल्जर बीटल म्हणतात; आपण शिपाई भुंगेरा म्हणू. जुन्या काळी इंग्रज शिपायांचे डगले तांबडे असत आणि ह्या कुळातील काही भुंगेऱ्यांचा रंगही तसाच तांबडा, म्हणून हे नाव पडले. शिपाई भुंगेरा दिवसा फुलांवर वावरतो, पराग व मध खातो आणि पिकावरचा मावाही खातो. त्याची मखमली अंगाची अळी जमिनीवर हिंडून मऊ अंगाचे किडे मारते. त्याच्याजवळ दिवा नाही, आणि उन्हात फिरणाऱ्याला दिव्याचा उपयोग तो काय? काजव्यांच्या कुळातही दिवसा वावरणाऱ्या काही जाती आहेत. त्यांतील प्रौढ काजवे बहुधा प्रकाश देत नाहीत. जगात काजव्यांच्या २,००० हून अधिक जाती आहेत. त्यांतील रात्री फिरणाऱ्या काजव्यांनीच आपल्या कवींचे लक्ष वेधून घेतले.

संस्कृतात काजव्यास खद्योत म्हणतात. ‘ख’ म्हणजे आकाश. आकाशात चमकणारा तो खद्योत. नाव मोठे भारदस्त आहे. परंतु पुढे भाषेने त्याचा मान राखला नाही. ‘सूर्यापुढे काजवा’ असे म्हणून आपण दुसऱ्याचा कमीपणा दाखवतो, आणि कानशिलात बसली म्हणजे डोळ्यांपुढे काजवे चमकतात. सूर्याचा प्रकाश प्रचंड उष्णतेतून निर्माण होतो, तर काजवा उष्णतेवाचून उजेड पाडतो. ही विद्या सूर्याला साधलेली नाही, हे म्हण करणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे.

झाडावर चमकणारा काजवा आपण पाहतो, तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा अंक होय. पहिले अंक जमिनीवर होऊन गेलेले असतात. मादी ओलसर मातीत, शेवाळात किंवा पाचोळ्याच्या तळाशी अंडी घालते. तीनचार आठवड्यांनी अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात. काजव्याची अळी फुलपाखराच्या सुरवंटासारखी गुबगुबीत नसते. ती चपटी असते, आणि तिच्या पाठीवर एकापुढे एक पत्रे बसवावेत, तशी कवचे असतात. ती पाने खात नाही. ती शिकारी आहे.

तिचे मुख्य भक्ष्य गोगलगाय. गोगलगाय चालते तेव्हा तिच्यामागे चिकट रेघ उमटत जाते, आणि अळी त्या रेघेचा माग काढीत तिला गाठते. तिचे दोन जबडे विळीच्या पात्यासारखे वाकडे आणि आतून पोकळ असतात. ते गोगलगाईच्या मऊ अंगात रुतवून ती आत एक विषारी रस सोडते. गोगलगाय बधिर होते, आणि थोड्या वेळाने तिचे मांस विरघळून पातळ होऊ लागते. मग अळी ते शोषून घेते. आपण अन्न पोटात नेऊन पचवतो. ही आधी पचवते आणि मग खाते! स्वतःहून कितीतरी मोठी गोगलगाय अशा रीतीने तिला मारता येते. ज्यांच्या परसातील भाजी गोगलगायी फस्त करतात, त्यांनी ह्या अळीचे उपकार मानावयास हवेत; पण तिला ओळखणारे फार थोडे. पुष्कळ जण तिला घोणीचे पिल्लू समजून चपलेखाली चिरडतात.

अळीचे हे आयुष्य कित्येक महिन्यांचे असते. थंड देशांतील काही जातींत तर ते दोन वर्षांपर्यंत लांबते. मातीतला ओलावा तिला अत्यंत आवश्यक असतो. पाऊस सरून जमीन वाळू लागली, की ती दगडांच्या फटीत, मुळांच्या आधाराने किंवा पाचोळ्याच्या खालच्या थरात आश्रय घेते. पूर्ण वाढ झाल्यावर ती मातीत एक लहानशी खोली करते, तेथे तिचा कोश बनतो, आणि काही दिवसांनी कोशातून पंख असलेला काजवा बाहेर पडतो. काही जातींच्या माद्यांना पंख फुटतच नाहीत. त्या जन्मभर अळीसारख्याच दिसतात आणि गवतातून प्रकाश देत राहतात.

हा बाहेर पडलेला काजवा दोन-तीन आठवडे जगतो. अनेक जातींचे प्रौढ काजवे ह्या काळात काहीही खात नाहीत. अळी असताना गोगलगाईंवर जी पुष्टी साठवली, तिच्यावरच त्यांचे उडणे आणि चमकणे चालते. झाडावरच्या त्या लखलखाटाचे तेल महिनोन्महिने मातीत भरलेले असते, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

आता हा दिवा पेटतो कसा, ते पाहू. १८८५ साली राफाएल द्युब्वा ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने काजव्याच्या एका दूरच्या भाऊबंदावर, प्रकाश देणाऱ्या दुसऱ्या एका भुंगेऱ्यावर, एक साधा परंतु चतुर प्रयोग केला. त्याने भुंगेऱ्याचा प्रकाश देणारा भाग थंड पाण्यात कुटला. ते पाणी काही वेळ चमकले आणि मग विझले. दुसरा तसाच भाग त्याने गरम पाण्यात घातला. तेथे प्रकाश लगेच बंद पडला. नंतर ते गरम पाणी निववून त्याने पहिल्या विझलेल्या पाण्यात मिसळले, आणि अंधारात पुन्हा उजेड पडला!

दोन विझलेल्या वस्तूंतून प्रकाश कसा निघाला? द्युब्वाने अनुमान केले, की प्रकाशासाठी दोन पदार्थ लागत असले पाहिजेत. एक पदार्थ तेलासारखा खर्च होणारा; दुसरा स्वतः न संपता पहिल्याला पेटवणारा, पण उष्णतेने नासणारा. थंड पाण्यात पहिला संपून दुसरा उरला होता. गरम पाण्यात दुसरा नासून पहिला उरला होता. दोन्ही एकत्र येताच काम पुन्हा सुरू झाले. पुढे ह्या पदार्थांना ल्युसिफेरिन व ल्युसिफेरेज अशी नावे मिळाली.

पण कोडे अजून सुटले नव्हते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, विल्यम मॅकेलरॉय हे प्राध्यापक काजव्यांचा अभ्यास करीत होते. त्यांना काजवे हजारोंनी हवे होते. १९४७ साली त्यांनी शहरातील मुलांना सांगितले, की १०० काजवे आणून देणाऱ्यास २५ सेंट मिळतील. मुलांनी अर्थातच त्यांना काजव्यांची उणीव भासू दिली नाही. त्या काजव्यांवरून मॅकेलरॉय यांनी दाखवून दिले, की ह्या दिव्याला तिसरीही वस्तू लागते. तिला एटीपी असे म्हणतात. प्रत्येक जिवंत पेशी आपली शक्ती एटीपीच्या रूपाने वापरते. तुम्ही धावता, विचार करता, झोपेत श्वास घेता, ते सारे तिच्या बळावर. म्हणजे काजव्याचा प्रकाश हा जिवंतपणाचीच खूण ठरला. ह्याच गुणाचा उपयोग करून आज दूध, अन्न किंवा भांडी ह्यांत जंतू उरले आहेत काय, ते तपासता येते: काजव्याचे पदार्थ त्यात मिसळले असता उजेड पडला, तर तेथे सजीवांचा अंश आहे. १९८५ साली ल्युसिफेरेजचे जनुक वेगळे करण्यात यश आले, आणि तेव्हापासून ते प्रयोगशाळेत तयार करता येते. त्यासाठी काजवे मारण्याचे आता कारण उरले नाही.

चौथी वस्तू म्हणजे प्राणवायू. काजव्याला फुप्फुसे नसतात; इतर कीटकांप्रमाणे त्याच्या अंगात हवेच्या बारीक नळ्यांचे जाळे असते. पोटाच्या शेवटाकडे, खालच्या बाजूस, दिव्याचे फिकट पट्टे दिसतात. अनेक जातींत नराला असे दोन पट्टे असतात आणि मादीला एक, त्यावरून दोघांत भेद करता येतो. पट्ट्याच्या आतल्या अंगास सूक्ष्म स्फटिकांचा पांढरा थर असतो. भिंतीवरच्या चिमणीमागे आरसा लावल्याने जसा उजेड पुढे फेकला जातो, तसेच काम हा थर करतो. नळ्यांतून प्राणवायू पेशींच्या गाभ्यात पोहोचला, की दिवा उजळतो. तो अडवला गेला, की मावळतो. जुन्या तारेच्या विजेच्या दिव्यात शंभर भाग वीज घातली तर नव्वदाहून अधिक भाग उष्णतेतच जातात. म्हणून पेटलेल्या दिव्याला हात लावता येत नाही. काजवा मात्र तळहातावर घेतला तरी चटका बसत नाही.

चीन देशात एक जुनी कथा सांगतात. चे यिन नावाच्या गरीब विद्यार्थ्याजवळ दिव्याच्या तेलाला पैसे नव्हते. त्याने पातळ कापडाच्या पिशवीत काजवे भरून त्यांच्या उजेडात अभ्यास केला आणि पुढे तो मोठा अधिकारी झाला. गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे खरी. परंतु पिशवीत कोंडलेले काजवे रात्रभर एकसारखा प्रकाश देतील, ह्यावर माझा फारसा विश्वास नाही. काजवा आपल्याला अक्षरे दिसावीत म्हणून चमकत नाही. तो बोलत असतो.

नर काजवा उडता उडता आपल्या जातीच्या ठरावीक लयीत उघडझाप करतो. एखाद्या जातीची चमक आखूड आणि भरभर, दुसरीची लांब आणि सावकाश. मादी बहुधा गवतावर अथवा झुडपावर बसलेली असते. आपल्याच जातीची खूण ओळखली, तर ती ठरलेल्या अवधीने एकदा चमकून उत्तर देते. नर थोडा जवळ येतो, पुन्हा विचारतो. ती पुन्हा सांगते. ह्या संभाषणात फसवणूकही चालते. अमेरिकेतील एका जातीची मादी दुसऱ्या जातीच्या मादीप्रमाणे चमकून उत्तर देते, आणि भुलून जवळ आलेल्या नराला खाऊन टाकते. जेम्स लॉईड ह्या कीटकशास्त्रज्ञाने १९६५ साली ही गोष्ट जगापुढे मांडली.

कधी कधी एका झाडावरचे शेकडो काजवे एकाच क्षणी उजळतात आणि एकाच क्षणी विझतात. थायलंड, मलाया ह्या देशांच्या नदीकाठी हा चमत्कार प्रवाशांनी फार पूर्वीपासून नोंदवला होता, आणि सह्याद्रीतही असा ताल पाहणाऱ्यांना दिसला आहे. परंतु विद्वानांचा त्यावर विश्वास बसेना. १९१७ साली फिलिप लॉरेंट ह्या गृहस्थांनी एका नामांकित शास्त्रीय नियतकालिकात लिहिले, की आपणही हे दृश्य पाहिले, पण कीटकांना असे करता येणे शक्य नाही. आपल्याच पापण्या लवल्यामुळे तसा भास झाला असावा! पुढे १९६५ साली जॉन बक आणि एलिझाबेथ बक हे शास्त्रज्ञ दांपत्य थायलंडला गेले. त्यांनी काजवे पकडून बँकॉक येथील आपल्या खोलीत रात्री सोडले. काजवे भिंतींवर, छतावर बसले. प्रथम जो तो आपल्या मनाने चमकत होता; मग दोघे एकत्र, तिघे एकत्र, असे होत होत ठिकठिकाणी त्यांचे गट एका तालावर चमकू लागले. लेझमीच्या पथकाला हलगीवाला ताल देतो. काजव्यांत हलगीवाला कोणी नाही. प्रत्येक काजवा शेजाऱ्याची चमक पाहून आपली चमक थोडी अलीकडे किंवा पलीकडे सरकवतो, आणि एवढ्यावरच साऱ्या झाडाचा ताल जुळतो.

इतक्या नाजूक बोलण्यात बाहेरचा झगझगीत उजेड पडला, तर काय होईल? मोठ्या गोंगाटात दोन माणसांचे कुजबुजणे जसे हरवते, तसे होते. नर चमकतो, मादीला ते कळत नाही. मादी उत्तर देते, नराला ते दिसत नाही. अंडी घातली जात नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्या झाडावर काजवे कमी दिसतात. सारा लुईस ह्या अमेरिकन प्राध्यापिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी २०२० साली जगभरातील जाणकारांची मते एकत्र केली. त्यांत काजव्यांवरील मोठी संकटे म्हणून राहण्याच्या जागांचा नाश, रात्रीचा कृत्रिम उजेड आणि कीटकनाशके ही तीन पुढे आली.

आपल्याकडे अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या परिसरात, कळसूबाईच्या छायेत काजवे पाहण्यासाठी दरवर्षी मोठी गर्दी लोटते. पुण्याजवळ राजमाचीलाही तसेच होते. लोकांना ह्या देखाव्याची ओढ वाटावी ही आनंदाची गोष्ट, आणि त्यामुळे डोंगरातील गावांना चार पैसेही मिळतात. परंतु मोटारींच्या दिव्यांचे झोत झाडांवर पडतात, माणसे झाडाखाली जाऊन गवत तुडवतात, आणि पंख नसलेल्या किंवा खाली बसलेल्या माद्या पायांखाली येतात. ज्यासाठी इतक्या दूर यावयाचे, ते पायाखाली चिरडावयाचे, असला हा प्रकार! वाट सोडून न जाणे, मोटार दूर थांबवणे, विजेरी लागलीच तर तिच्या तोंडाला लाल पातळ कागद बांधणे, एवढे केले तरी पुष्कळ होते. कारण तांबड्या उजेडाने काजव्यांना फारसा त्रास होत नाही.

महाड-पोलादपूरकडे गर्दीपेक्षा वणव्याची भीती अधिक. फाल्गुन-चैत्रात डोंगरातले गवत वाळलेले असते; कोणी निष्काळजीपणे पेटती काडी टाकतो, कोणी नवे गवत चांगले यावे म्हणून मुद्दाम आग लावतो. रात्री साऱ्या डोंगरावर आगीची माळ दिसते. तिच्यात गवत तर जळतेच, पण पाचोळाही जळतो, आणि त्याच्या खाली टिकून राहिलेला ओलावा उडून जातो. नेमक्या त्याच दिवसांत काजव्यांच्या अळ्या त्या थरात पावसाची वाट पाहत असतात. शेतात राब भाजावयाचा तो बांधाच्या आत, माणसे उभी करून आणि आग आटोक्यात ठेवून भाजावा, ही जुनी शिस्त जे पाळतात, त्यांच्याकडून डोंगराला धोका पोहोचत नाही. पेटवून निघून जाणाऱ्यांकडून पोहोचतो. काजवे काडेपेटीत किंवा बाटलीत भरून घरी नेण्याची हौस पुष्कळ मुलांना असते. तीन आठवड्यांच्या आयुष्यातील एक रात्र बाटलीत गेली, तर काय शिल्लक उरते, ह्याचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

आषाढात पावसाची झड लागते. झाडांवरचे काजवे तोवर संपलेले असतात आणि पाहावयास येणारेही घरी गेलेले असतात. त्याच सुमारास पाचोळ्याखाली अंडी फुटतात. श्रावणातल्या एखाद्या अंधाऱ्या रात्री शेताच्या बांधावर किंवा ओढ्याच्या काठी, अगदी जमिनीलगत, हिरवट प्रकाशाचे दोन बारीक ठिपके सावकाश सरकताना दिसतात. ती काजव्याची अळी. तिच्या शेपटाशी दोन लहान दिवे असतात. ह्या दिव्यांनी ती कोणाला बोलावीत नाही; आपले अंग कडू आहे, खाऊ नका, असे ती बेडकाला व पाखराला बजावते, आणि गोगलगाईच्या ओल्या रेघेवरून पुढे जाते.